सातव्या गणितातले अकरा गुंठे

हे लिहावं की लिहू नये, यात बरेच महिने गेले. या सदरात वाचकांचे जे अनुभव येतात ते मी कॉलेजच्या वाचनालयात बसून वाचतो, आणि खरं सांगायचं तर वाचताना मनातल्या मनात त्यांतल्या चुका शोधतो. इथे वाऱ्याने दार वाजलं असेल, इथे मांजर असेल, इथे अंगात ताप असेल... माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. तिथे देवळात अंगात आलेल्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या. मी कधी पळालो नाही की पाया पडलो नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि सायन्स घेतलं तेच मुळी ‘कशामुळे?’ असं विचारत राहायची खोड होती म्हणून. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे त्यात पांढरी साडी वगैरे काही नाही. एक आवाज आहे, तोही भर सकाळचा, आणि एक बेरीज आहे. बेरजेचे आकडे मुद्दाम देतो. कुणाला चूक सापडली तर मला खरोखर बरं वाटेल.

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. औरंगाबादला माझं पहिलं वर्ष संपलं होतं. वडील गेल्यापासून घर दादा चालवतो. सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्याने सरळ सांगितलं, “एक साल मी भरलं. औंदाचं तुझं तू भर. न्हाई जमलं तर गुपचूप औत धर. मी एकटा किती वढू?” त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

जालन्यात मस्तगडला एका मारवाडी शेठजींच्या धान्याच्या दुकानावर, माडीवर, जमिनींच्या एकत्रीकरणाचं हंगामी ऑफिस उघडलं होतं. एकेका शेतकऱ्याचे चार दिशांना विखुरलेले तुकडे अदलाबदल करून एका जागी आणायचे, असं ते काम. त्यासाठी जुन्या मोजणीच्या कागदांवरून प्रत्येक शेताचं क्षेत्रफळ नव्याने काढावं लागे. मला तिथे जून अखेरपर्यंत गणितं करायला घेतलं. जून अखेरपर्यंत टिकलो तर वर्षाची फी आणि खाणावळ निघत होती. मध्येच कमी केलं तर निघत नव्हती. हे साधं गणित मी रोज सकाळी जिना चढताना करत असे.

गणितं हाताने नव्हे, मशीनवर. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टाइपरायटरपेक्षा लहान, जड लोखंडी पेटी. पुढच्या बाजूला आकडे लावायचे खटके, उजव्या हाताला एक हँडल. सतरा हा आकडा लावला आणि हँडल पुढे एक फेरा फिरवलं की खालच्या खिडक्यांत सतरा मिळतात. नऊ फेरे दिले की सतरा नव्वे. हँडल उलटं फिरवलं की तेवढेच वजा. बस, एवढंच.

ऑफिसात अशी तीन मशीनं होती. एक आणि दोन नंबरची एकाच बनावटीची. त्यांचे सुटे भाग औरंगाबादला मिळत. तीन नंबरचं मात्र वेगळंच. निजामाच्या वेळचं, हैदराबादच्या कुठल्याशा कचेरीतून पेटीत घालून आलेलं. त्यावरची अक्षरं कुठल्या भाषेतली तेही कुणाला कळेना. त्याचं माहितीपुस्तक नाही, दुरुस्त करणारा माणूस नाही. खटक्यांच्या कडेला कुणीतरी फार पूर्वी उर्दू आकड्यांच्या बारीक कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्या पिवळ्या पडल्या होत्या. मी सगळ्यांत नवा, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं.

इन्स्पेक्टर बेगसाहेबांनी पहिल्याच दिवशी कायदा सांगितला. “काम सुरू करायच्या आधी रोज परीक्षेच्या तक्त्यातली दहा गणितं. जवाब तक्त्यात छापलेले हैत. दहाच्या दहा बराबर आले तर रजिस्टरात ‘बराबर’ लिहायचं अन् मंग काम. तीन दिवस लागोपाठ चुकलं तर मशीन पेटीत बंद. अन् मशीन बंद तर त्याच्यावरचा माणूस बी बंद. समजलं?”

“हो साहेब.”

पहिल्या दिवशी नऊ गणितं बरोबर आली. सातवं चुकलं.

दुसऱ्या दिवशीही सातवंच चुकलं. तेवढ्याच फरकाने.

माझ्यासमोर गंगाधर बसायचा. तो अंबडचा, दोन वर्षं मोजणी खात्यात काढलेला. आकडे वाचून दाखवणं त्याचं काम. मी ते लावायचे आणि हँडल मारायचं. तो हसून म्हणाला, “अरे कॉलेज, तक्त्यातला जवाब उचल अन् लिही ना रजिस्टरात. तुझ्या आधीचा बी तेच करत आसंल. दोन महिने नुस्तं ‘बराबर, बराबर’ लिहून गेलाय, बघ की.”

“पण चुकतंय ना रे.”

“मशीन चुकून राह्यलं, तू कुठं चुकून राह्यला? बाकीचे सगळे जवाब दोन नंबरवर ताडून घेऊ. शेतकऱ्याचं कायच नुकसान न्हाई.”

तिसरा दिवस उजाडला. सातवं पुन्हा चुकलं... आणि मी ‘बराबर’ लिहिलं. आणि पुढे रोज लिहीत गेलो. एकच नियम स्वतःशी केला — दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत चूक शोधायची, आणि सापडली की त्या दिवशी साहेबांना सगळं सांगायचं.

सातवं गणित असं होतं. एका शेताचे सहा तुकडे पाडलेले. आमच्याकडे मोजणीची साखळी तेहतीस फुटांची; एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक तुकड्याचं दुप्पट क्षेत्रफळ काढून मशीनमध्ये मिळवत जायचं आणि शेवटी निम्मं करायचं, अशी रीत. सहा तुकड्यांचे आकडे ७२, २००, ४४, ७२, १५३ आणि ३५. एकूण ५७६. निम्मे २८८ गुंठे, म्हणजे सात एकर आठ गुंठे. तक्त्यात हेच उत्तर होतं, आणि मी कागदावर चार वेळा केलं तेव्हाही हेच आलं. मशीन दाखवायचं ५५४. म्हणजे सहा एकर सदतीस गुंठे. अकरा गुंठे कमी. रोज अकराच.

मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. प्रयोगशाळेत आम्हाला तसंच शिकवलं होतं. आधी टेबल हलवलं. मग तेल घातलं. मग आमची जागा बदलली — गंगाधर हँडलवर, मी वाचायला. ५५४. हेच गणित एक नंबरच्या मशीनवर केलं : ५७६. मग एकेका तुकड्यानंतर थांबून खिडकीतला आकडा लिहून घेतला. पहिले चार तुकडे ठीक, ३८८ पर्यंत. पाचव्या तुकड्यानंतर ५४१ यायला हवे होते, आले ५१९. घोटाळा पाचव्या तुकड्यात होता. तिथे सतरा लावून नऊ फेरे द्यायचे, १५३ मिळायचे. मिळत होते १३१.

आता १३१ ला सतराने भाग जात नाही. नऊनेही जात नाही. म्हणजे मी खटका चुकीचा लावला किंवा फेरे चुकीचे मोजले म्हणावं तर तसं होऊच शकत नव्हतं. उर्दू पट्ट्यांमुळे आकडा वाचण्यात चूक झाली म्हणावं, तर मी पट्ट्यांवर कोरा कागद डकवून पाहिला. फरक नाही.

मग मी नुसतं सतरा गुणिले नऊ केलं. १५३. बरोबर! आधी ३८८ लावले आणि त्यात सतरा नव्वे मिळवले. ५४१. हेही बरोबर! वाचकांनी इथे जरा थांबावं अशी विनंती. चार तुकडे मिळवून ३८८ झाले काय, किंवा एकदम ३८८ घातले काय, मशीनच्या चाकांना फरक काय? चाकं त्याच जागी उभी. खटके तेच. फेरे तेवढेच. तरी एकदा ५१९ आणि एकदा ५४१.

“गंगाधर,” मी म्हणालो, “तू एक कर. मनात धर — सातव्या गणितातलं शेत, नाहीतर नुसताच गुणाकार. मला सांगू नको. फक्त ‘सतरा, नऊ फेरे’ एवढंच म्हण.”

“याला आता देव खेळवायचा हाय,” गंगाधर एक नंबरच्या मशीनवाल्याला म्हणाला. पण त्याने केलं. आठ वेळा. दर वेळी मी हँडल मारून खिडकीतला आकडा पाहायचो आणि त्याच्या मनात काय होतं ते सांगायचो. १५३ आले की ‘नुसता’, १३१ आले की ‘शेत’. आठही वेळा बरोबर आलं.

आठव्या वेळेनंतर गंगाधर हसला नाही. जेवणाचा डबा तसाच बांधून म्हणाला, “तू हे बंद कर बाबा. आपल्याला काय करायचं?”

मला भीती वाटली का? फारशी नाही. खरं सांगायचं तर मला इतकं कुतूहल आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. रात्री खोलीवर पडल्या पडल्या मी त्या चाकांचाच विचार करायचो.

खाली दुकानात शेठजींचा माठ असायचा; माडीवरचे सगळे तिथेच पाणी प्यायचो. एक दिवस सकाळची परीक्षा आटपून मी खाली गेलो, तर शेठजी गादीवरून म्हणाले, “काय मास्तर, आज भी दोन फेरे उलटे?”

“उलटे?”

“रोजचेच की. तुमच्या माडीच्या फळ्यांतून सगळा आवाज मला येतो. सीधा फेरा खर्रर्र-टक. उलटा टक-खर्रर्र. रोज सकाळी तुम्ही सीधे सीधे मारता, अन् मंग एकदम दोन उलटे. मी तर मुनीमजीला म्हणतो, बघा, मास्तरची चूक झाली, पुसून राह्यले.”

परीक्षेच्या दहा गणितांत वजाबाकी एकही नाही. मी सकाळच्या वेळी हँडल कधीच उलटं फिरवत नसे, आणि वर बसून तसा आवाजही कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी शेठजींच्या गादीजवळ उभा राहिलो आणि वर गंगाधरला सातवं गणित करायला सांगितलं. छताकडे कान लावून मी फेरे मोजत होतो. चौथा तुकडा झाला. पाचव्याचे नऊ फेरे झाले — सगळे खर्रर्र-टक. आणि मग स्पष्ट, सावकाश, कुणी सवयीच्या हाताने फिरवावे तसे दोन... टक-खर्रर्र. टक-खर्रर्र.

“ऐकलं नं?” शेठजी म्हणाले.

मी जिन्यातूनच ओरडलो, “गंगाधर, उलटं फिरवलंस का?”

“न्हाई बा! हात तरी लावला का मी? नऊ फेरे मारले अन् सोडलं!” तो वरून ओरडला. त्याच्या आवाजावरून खोटं वाटत नव्हतं. एक नंबरवाला समोरच बसला होता. तोही म्हणाला, नाही फिरवलं.

आता मोजणीच्या कामात दोन उलटे फेरे कशासाठी देतात ते गंगाधरलाच माहीत होतं, मला नव्हतं. शेतात नाला असतो, खडक असतो, विहिरीची जागा असते. जिथे नांगर चालत नाही ती जागा ‘पोटखराबा’ म्हणून शेताच्या क्षेत्रातून वजा करतात. आमच्या रीतीत सगळं दुप्पट चालत असल्याने पोटखराबाही दुप्पट वजा व्हायला हवा. म्हणून जुने लोक पोटखराब्याचे गुंठे खटक्यावर लावून हँडल दोनदा उलटं मारत. अकरा लावून दोन उलटे फेरे म्हणजे बावीस वजा. एकशे त्रेपन्नातून बावीस गेले, एकशे एकतीस राहिले.

गंगाधरने हे कागदावर मांडलं.

“पण हे शेत खरं थोडंच आहे?” मी म्हणालो. “परीक्षेचं गणित आहे.”

बेगसाहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, “खरीच खेतं हैत ती. तक्ता बनवणाऱ्यानं जुन्या मोजणीतून उचलली. खाली बारीक अक्षरात गाव अन् नंबर लिहिलाय, कधी वाचला न्हाई का?”

मी कधी वाचला नव्हता. गाव अंबड तालुक्यातलं होतं. आणि त्या गावाचं एकत्रीकरण आमच्याच ऑफिसात, त्याच महिन्यात पुरं होणार होतं.

रविवारी सरकारी प्रवासी मोटारीने अंबडला गेलो आणि तिथून दोन कोस चालत. शेत सापडायला वेळ लागला नाही. मालक लक्ष्मणआप्पा साठीच्या पुढचे, बांधावर बाभळीच्या काट्या रचत होते. मी ऑफिसातून आलो एवढंच सांगितलं. बरोबर तेहतीस फूट मापून आणलेली दोरी होती. नकाशातल्या पाचव्या तुकड्याकडे गेलो, तर तिथे एक कोपरा पडीक होता. गवत, दोन लिंबाची झाडं. बाकी शेत नांगरून काळंभोर झालेलं. फाळाची रेघ त्या कोपऱ्यापाशी येऊन वळलेली. मी दोरी टाकली. साडेपाच दोऱ्या लांब, दोन दोऱ्या रुंद.

“आप्पा, हे पडीक कामून ठेवलं?”

“बैलं हैत तिथं,” आप्पा म्हणाले. “माझ्या बापाच्या टायमाला बुळकांडी आल्ती. चार रोजात गावातली बैलं गेली. कुणाचीच वढून न्यायची ताकद न्हाई राह्यली. बाप म्हणला, माझ्या कोपऱ्यात पुरा. सगळ्या गावाची बैलं हैत इथं. म्हणून आमी नांगर न्हाई घालत. पोळ्याच्या दिवशी गावची बैलं आधी इथं उभी करतेत, मंग मारुतीकडं नेतेत.”

“पण कागदावर हे वहितीत लागलंय. पोटखराब्यात नाही.”

“ते बी म्हाईत हाय. मागं एक मुन्शी आल्ता मोजायला, लई साल झाले. त्यानं सोता साखळी टाकली. म्हणला, आप्पा, हे मी वजा करतो, बिलकुल फिकीर करू नका. भला माणूस व्हता. पण कागद आला तवा तसाच. मंग तो मुन्शी पुन्हा आला न्हाई. न्हाई तर न्हाई, म्हणलं. शेत माझं, नांगर माझा. पण आता तुमचं हे अदलाबदलीचं निघालं. माझं शेत शेजारच्याला चाललं. त्याला सात एकर आठ गुंठे लिहून दिले तर तो सात एकर आठ गुंठे नांगरंल. त्याची बी काय चूक?”

आप्पांच्या घरून गूळ-पाणी आलं. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, “तुमी तरी लिहाल का?”

मी ‘बघतो’ म्हणालो. मोटारीत बसल्यावर त्या ‘बघतो’ची लाज वाटू लागली.

सोमवारी गंगाधरशी बोललो. तो म्हणाला, हरकतीची मुदत संपून दहा दिवस झाले. आता आप्पाचा अर्ज कुणी घेणार नाही. ऑफिसच्या स्वतःच्या गणितात फरक निघाला तरच गावाचं पान पुन्हा उघडतं.

“फरक तर आहे ना,” मी म्हणालो. “रोज निघतोय.”

“अन् तू रोज काय लिहून राह्यला? ‘बराबर’. ते पान उघडलं की तुझं बी उघडलं. जून संपायला महिना बी न्हाई राह्यला, कॉलेज. तोंड मिटून बस अन् फी भर. बैलं मरून चाळीस साल झाले.”

तो वाईट माणूस नव्हता. माझ्या भल्याचंच सांगत होता. मी मंगळवारची परीक्षा केली. सातवं चुकलं. रजिस्टर उघडलं, टाक दौतीत बुडवला, आणि ‘बराबर’ हा शब्द काही केल्या लिहवेना. रजिस्टर तसंच उचलून बेगसाहेबांच्या टेबलावर नेलं आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. उलट्या फेऱ्यांचंही सांगितलं.

बेगसाहेब उठून तीन नंबरच्या मशीनपाशी गेले, टोपी काढून ठेवली आणि स्वतः सातवं गणित केलं. ५५४. पुन्हा केलं. ५५४. तिसऱ्यांदा पाचव्या तुकड्यानंतर त्यांनी हँडलवरून हात उचलला आणि खिडकीकडे बघत उभे राहिले.

“किती दिवस ‘बराबर’ लिहिलं तू?”

“तिसऱ्या दिवसापासून, साहेब.”

त्यांनी जागेवर येऊन दोन कागद लिहिले. पहिल्यावर : गणितात फरक आढळला, सदर नंबराचे पान पुन्हा उघडून जागेवर मोजणी व्हावी. दुसऱ्यावर : परीक्षेच्या नोंदी खोट्या केल्यामुळे हंगामी कामावरून कमी. दोन्ही माझ्यासमोर ठेवले.

“दोन्ही खरं हाय ना?”

“हो साहेब.”

“मंग मी एक लिहिणार अन् एक न्हाई लिहिणार, असं कसं होईल बेटा?” त्यांचा आवाज रागाचा नव्हता. म्हणून जास्त लागला.

गुरुवारी मोजणीदार त्या गावी जाऊन आला. कोपरा अकरा गुंठे भरला. शुक्रवारी तो पोटखराब्यात चढला आणि बेगसाहेबांची सही झाली. शनिवारी मी राहिलेला पगार घ्यायला गेलो. मशीन पेटीत भरायचं होतं; साहेब म्हणाले, “एक बार तूच चालव.”

मी बसलो. गंगाधरने आकडे वाचले. पाचव्या तुकड्यानंतर खिडकीत ५४१. शेवटी ५७६. सात एकर आठ गुंठे. म्हटलं, योगायोग असेल. दहा वेळा केलं. गंगाधरने मनात शेत धरून केलं, साहेबांनी केलं. ५७६. खालून शेठजींनी विचारलं, “मास्तर, आज उलटे न्हाई मारले?”

रिकामी पेटी पुन्हा माळ्यावर गेली. मशीन चांगलं ठरलं होतं. सोमवारपासून त्यावर गंगाधर बसणार होता. जिना उतरताना त्याने माझा हात धरला.

घरी आल्यावर दादाला खरं ते सांगितलं. आप्पांचा कोपरा, मुन्शीची गोष्ट, खोट्या नोंदी, नोकरी गेली, फी भरता येत नाही. आम्ही ओसरीवर बसलो होतो. तो चिडेल म्हणून मी तयारीत होतो. तो वैरणीच्या काड्या मोडत म्हणाला, “सगळ्या गावाची बैलं?”

“हो.”

“अन् आता तिथं नांगर न्हाई लागायचा? पक्कं?”

“कागदावर चढलंय.”

“मंग औंदा औत धर. फुडल्या साली मी भरतो.” आणि उठता उठता म्हणाला, “तो मुन्शी कुठला? नाव काय त्याचं?”

मी टेबल हलवलं होतं, तेल घातलं होतं, पट्ट्यांवर कागद डकवला होता, आठ आठ वेळा मोजून पाहिलं होतं. त्या माणसाचं नाव विचारणं मला सुचलंच नव्हतं.

दिवाळीत मी मुद्दाम पुन्हा त्या गावी गेलो. आप्पांनी डोकं खाजवलं. “आमी मुन्शीच म्हणत व्हतो,” म्हणाले. बेगसाहेबांना पत्र लिहिलं. त्यांनी कळवलं की मशीनसोबत कुठलेच कागद आले नव्हते, ते कुणाच्या हाताखाली होतं ते कळायला मार्ग नाही. तो मुन्शी आणि हे मशीन यांचा कधी संबंध आला होता का, हेसुद्धा मला माहीत नाही. मी तो जोडतो आहे, एवढंच.

एक वर्ष शेतात काढून मी परत कॉलेजला आलो, सध्या बी.एस्सी.ला आहे. आमच्या फिजिक्सच्या प्राध्यापकांना मी ही आकडेमोड दाखवली. त्यांनी ती शांतपणे तपासली, तीनदा पान उलटलं, आणि म्हणाले की बेरीज बरोबर आहे, बाकीचं माझ्या पाहण्यात चुकलं असावं. असेलही. पण दुकानात बसलेल्या शेठजींनी तर आकडे पाहिलेच नव्हते... तिथे येऊन मी दर वेळी थांबतो. ज्या वाचकांना अशी जुनी मशीनं हाताळायची सवय असेल त्यांनी कृपया कळवावं. आणि अंबडच्या बाजूला कधीकाळी मोजणीचं काम केलेला एखादा मुन्शी कुणाच्या नात्यात, ओळखीत असेल, तर निदान त्यांचं नाव तरी.